भुरीचं टक्कल

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात एक पांढरा फळा लावलेला आहे. नळाला पाणी कधी येणार, टाकी कधी धुणार, कुणाची गाडी कुणाच्या जागेवर लागली, असलं सगळं त्याच्यावर लिहिलेलं असतं. गेल्या दिवाळीनंतर एका सोमवारी सकाळी मी शाळेत जायला निघाले तर त्याच्यावर माझं मांजर. "तिसऱ्या मजल्यावरील सदस्यांनी आपले त्वचारोगग्रस्त मांजर आठ दिवसांच्या आत इमारतीबाहेर न्यावे. लहान मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे." त्वचारोगग्रस्त! एवढंसं मांजर आणि त्याच्यावर एवढा थोरला शब्द. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळहातानं ते सगळं पुसून टाकावं असं वाटलं, पण शाळेची घंटा काय माझ्यासाठी थांबणार नव्हती.

मी संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात राहते, तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. नवरा नोकरीला जालन्याला, शनिवारी येतो. लेक शिकायला पुण्याला. घरात मी, माझे वडील आणि ते त्वचारोगग्रस्त मांजर.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. देवगाव रंगारीच्या पुढं आमचं गाव. आई गेली, गुडघे गेले, मेंढरं विकली, मग त्यांना मी इकडं आणलं, दीड वर्ष झालं. येताना त्यांनी तीन वस्तू आणल्या. एक पत्र्याची पेटी, एक काठी आणि एक काळं घोंगडं. ते घोंगडं आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, सूत आईनं कातलेलं. शिकलेसवरलेले लोक हल्ली असलं घोंगडं प्रदर्शनात जाऊन विकत घेतात, भिंतीवर टांगतात आणि पाहुण्यांना दाखवतात. वापरणाऱ्याला बघून मात्र नाक मुरडतात.

मांजर आलं ते पार्किंगमधून. आबांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं. कुत्रं ते जनावर, मांजर म्हणजे फुकट खाणारं, असा त्यांचा हिशेब. पण पहिल्याच थंडीत ते पिल्लू जिना चढून वर आलं आणि सरळ घोंगड्यावर जाऊन झोपलं. "ह्याला बरं कळलं, ऊब कुठं हाय ते," आबा म्हणाले. नाव ठेवलं नाही. मेंढरांना जसं रंगावरून ओळखायचे तसं भुरी म्हणायला लागले. त्या दिवसापासून दुधाची पिशवी आली का नाही, हे घड्याळाआधी आबा विचारायचे. आई गेल्यावर त्यांनी कशाचीच चौकशी केली नव्हती. म्हणून मला ते मांजर आवडलं, खोटं कशाला बोलू.

तर त्या भुरीचे केस जायला लागले. आधी शेपटीच्या मुळाशी, पाठीवर, रुपयाएवढा चट्टा. मग मागच्या मांड्यांना आतून. मग पोट. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत बघता बघता मांजर मागून सोललेल्या वांग्यासारखं दिसायला लागलं. समोरून बघाल तर ठणठणीत. खातंय, पितंय, खिडकीतल्या कबुतरांना शिव्या देतंय. पण उठता बसता अंग चाटायचं, दातानं कुरतडायचं, मध्येच दचकून मागं बघायचं.

मग सुरू झाले सल्ले. आपल्या लोकांना आजार कळत नाही, पण औषध सगळ्यांना पाठ. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं मोहरीचं तेल लावा. दुसरीनं सांगितलं, मांजराला मीठ चालत नाही, त्यानंच केस जातात. पानटपरीवाला म्हणाला, "भाभी, बिल्ली को नजर लगी है, काला धागा बांधो." एक जण तर म्हणाला फिनेलच्या पाण्यानं पुसून घ्या, जंतू मरतील. अरे, जंतूही मरतील आणि मांजरही मरेल, उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि मी तरी काय शहाणी? मी मेडिकलवर गेले. मेडिकलवाल्यानं मांजर बघितलं नाही, मीही दाखवलं नाही. मोबाईलवरचा फोटो बघून तो म्हणाला, "गजकर्ण है मॅडम, ये लगाव, चार दिन में साफ." आणि मला गजकर्णाचं मलम दिलं. माणसाचं.

मी ते लावलं. भुरीनं ते तासाभरात चाटून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात तीनदा ओकली.

आबा सगळं बघत होते. त्यांनी भुरीला मांडीवर उताणं घेतलं आणि टकलावरून अंगठा उलटा फिरवला, लोकर बघायचे तसा. म्हणाले, "हे झडलेलं नाय माय. तुटलेलं हाय. बघ, खुंट टोचतेत. हिला खाज हाय, हीच खाती आपली लोकर."

"आबा, ते मेंढरू नाही," मी म्हणाले. वर दोन शब्द जास्तीचे बोलले, कारण मला ऑफिसला उशीर झाला होता आणि फरशी पुसायची होती. ज्या माणसानं आयुष्यभर हजारो अंगांवर हात फिरवला त्याला मी, फोटो दाखवून मलम आणणारी बाई, शिकवत होते.

त्याच आठवड्यात भाऊ गावाकडून आला. त्यानं मेंढरांना गोचिडासाठी लावतात ते औषध बाटलीभर आणलं. "तायडे, दोन थेंब पाण्यात टाक आन् पुसून घे, एक किडा ऱ्हात नाय." मी बाटली उघडलीही होती. आबांनी ती माझ्या हातातून घेतली, वास घेतला आणि बूच लावलं. "मेंढरू आपलं अंग चाटत नाय," ते म्हणाले. "हे चाटतं. ह्याच्या अंगाला लावलं ते ह्याच्या पोटात गेलं. मलमानं काय झालं, बघितलं ना?" आणि बाटली भावाच्या पिशवीत परत ठेवली.

आता खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं सांगते. त्यांचे मिस्टर सोसायटीचे चेअरमन, पण सोसायटी वहिनी चालवतात. फळ्याचा मार्करही त्यांच्याच घरी असतो. दिवाळीच्या आसपास त्यांच्या नातीच्या मानेवर गोल लाल चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले गजकर्ण. झालं! नातीनं आमच्या भुरीला कधी हात लावलेला नाही. ती पोरगी मांजर दिसलं की किंचाळत आजीच्या पदराआड जाते. पण चट्टा तिथं, चट्टा इथं, मग दोन्हीचा संबंध लागलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याकडं जुनीच सवय आहे. ते गजकर्ण कुठून आलं मला आजही माहीत नाही, आणि त्यांनाही नाही.

त्या सोमवारी मी संध्याकाळी घरी आले तर आबा पेटी उघडून बसले होते. फळ्यावर काय लिहिलंय ते त्यांना मी सांगणार नव्हते. त्यांना अक्षरं जुळवायला वेळ लागतो, म्हणून मला वाटलं कळणार नाही. पण वहिनींनी जिन्यात गाठून तोंडी सांगितलं होतं. आजोबांना फळा वाचता येत नसेल तर, म्हणून. केवढी काळजी!

"शुक्रवारी लासूर स्टेशनाला सोड मला," आबा म्हणाले. "तिथून म्या जाईन गावाला. भुरीला पिशवीत घिऊन जाईन."

"गावाला कुणाकडं? घराला कुलूप आहे. भाऊ शेतात राहतो. तुम्हाला भाकरी कोण करून घालणार?"

"हिला हाकलत्यात तर मी काय करू हितं? भिंतीकडं बघू?"

एवढंच बोलले. आबा कमी बोलतात आणि जे बोलतात ते करतात. आदल्या वर्षी पावसाळ्यात ते एकटे गावी गेले होते तेव्हा न्हाणीत पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून होते. शेजारच्या बाईनं बघितलं म्हणून. त्या घरात मी त्यांना एकटं पाठवणार नव्हते, आणि मांजर गेल्यावर ते इथं राहणार नव्हते. म्हणजे आता भांडण मांजराचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, भुरीला भाजीच्या झाकण असलेल्या टोपलीत घातलं आणि एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. कुत्र्यामांजरांच्याच डॉक्टर आहेत त्या. माझ्या लेकीपेक्षा चार वर्षं मोठी असेल नसेल. आबांना म्हटलं चला, तर गुडघ्याकडं बोट दाखवलं.

तिनं मांजराला आधी हात लावला. हे मला पहिल्यांदा आवडलं. एवढ्या दिवसांत ज्याला त्याला मत होतं, हात कुणाचा नव्हता. तिनं टकलावरून बोट उलटं फिरवलं आणि म्हणाली, "हे केस झडलेले नाहीत ताई. मांजरानं चाटून चाटून तोडलेत. जीभ कानसच असते त्यांची. खुंट लागतात बघा हाताला."

हेच वाक्य घरात आठ दिवसांपूर्वी फुकट मिळालं होतं.

मग तिनं खोलीतला दिवा घालवून जांभळ्या उजेडाची बॅटरी अंगावर फिरवली, चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. गजकर्णासारखं काही दिसत नव्हतं. तरी तिनं थोडे केस एका बाटलीत घातले. बुरशी असेल तर ती त्यात उगवते, म्हणाली, पण दोनतीन आठवडे थांबावं लागतं. बॅटरीवर सगळा भरवसा ठेवता येत नाही, हेही तिनं सांगितलं. मला बरं वाटलं. "चार दिन में साफ"वाल्यापेक्षा ही बरी.

मग एक बारीक फणी घेतली, आपली उवांची असते तशी, आणि शेपटीच्या मुळाशी केस विंचरले. फणीत काळी बारीक पूड आली, मिरी कुटल्यासारखी. ती तिनं ओल्या कापसावर झटकली. आम्ही दोघी बघत होतो. पुडीचा एकेक कण लाल व्हायला लागला, कापसावर लाल ओघळ पसरले.

"हे रक्त आहे," ती म्हणाली. "तुमच्या मांजराचं. पिसवांनी प्यालेलं आणि बाहेर टाकलेलं."

"पिसवा? माझ्या घरात?" माझा आवाज चढला. "अहो मी रोज फरशी पुसते! आणि मला तर एकही पिसू दिसली नाही!"

"दिसणार नाही. मांजर चाटताना गिळून टाकतं. आणि काही मांजरांना पिसूची ॲलर्जी असते, दोनचार चावल्या तरी सगळं अंग खाजतं. शेपटीचं मूळ, मांड्या, पोट, ही त्याचीच जागा. फरशीचं म्हणाल तर पिसवांना फरशी नको असते. अंडी घालायला अंधारी, उबदार, लोकरीची जागा लागते. झोपतं कुठं हे?"

"वडिलांच्या घोंगड्यावर."

"धुता का ते?"

"आमच्यात घोंगडं धूत नाहीत. उन्हात टाकतात. कडक उन्हात, उलटंपालटं करून."

"उत्तम. मग शेवटचं कधी टाकलं होतं?"

मी बोटांवर महिने मोजायला लागले. ऑक्टोबर नाही. सप्टेंबर नाही. आमच्या गच्चीवर सौरऊर्जेच्या पाट्या बसल्या गणपतीच्या आधी, आणि त्याबरोबर गच्चीला कुलूप लागलं. आमची बाल्कनी उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, सूर्य तिला ओळखतही नाही. खाली कंपाऊंडच्या भिंतीवर काचा लावलेल्या. कुलूप लागल्यावर आबांनी मला तीनदा विचारलं होतं. "गच्चीची किल्ली आन की माय. घोंगड्याला ऊन पाहिजे, नायतर त्यात जीव धरतेत." तीनही वेळा मी म्हणाले, "आबा, सोसायटीचा नियम आहे," आणि विषय बदलला. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

"घरात कुणाच्या घोट्यांवर बारीक लाल पुळ्या आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पिसवा माणसाला तिथंच चावतात."

"नाही," मी ताडकन म्हणाले. मला तो प्रश्नच अपमानाचा वाटला.

तिनं भुरीच्या मानेवर औषधाचे थेंब सोडले, दर महिन्याला सोडायचे म्हणाली. मलमाबद्दल मला चांगलं झापलं. गोचिडाच्या बाटलीचं सांगितलं तर तिनं हातातलं काम थांबवलं. "असल्या औषधानं मांजरं झटके येऊन मरतात ताई. लावलं असतं तर तुम्ही आज इथं आलाच नसता. कुणी थांबवलं तुम्हाला?"

"वडिलांनी. मेंढपाळ आहेत."

"मग आधी त्यांनाच विचारायचं ना!" ती म्हणाली, आणि हसली. मला हसू आलं नाही. तिनं कागदावर सही शिक्क्यानिशी लिहून दिलं, की तूर्तास गजकर्णाची लक्षणं नाहीत, पिसवांची ॲलर्जी आहे, मांजर घरात ठेवायला हरकत नाही. अंथरूण गरम पाण्यानं धुवा, नाहीतर रोज कडक उन्हात टाका, हेही त्यातच. गरम पाण्यानं! आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी यायचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो, आणि ते आल्यावर बाई आधी पिंप भरते, घोंगडी नाही भिजवत. राहिलं ऊन. ते तर आमच्याकडं फुकट आणि रग्गड. फक्त त्याला कुलूप.

घरी आले. आबा पलंगावर पाय सोडून बसले होते. पायात मी दिलेले मोजे. ते मोजे मी आदल्या थंडीत आणले होते, तपकिरी, लोकरीचे. त्या ऑक्टोबरच्या उकाड्यातही त्यांनी ते काढले नव्हते आणि मी शाळेत कौतुकानं सांगत होते की बापाला माझे मोजे किती आवडले. मी टोपली खाली ठेवली, त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि एक मोजा ओढला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि पाय मागं घ्यायला लागले. मी सोडला नाही.

घोट्यापासून पोटरीपर्यंत पुळ्याच पुळ्या. काही ताज्या, काही खाजवून काळ्या पडलेल्या, काहींवर खपल्या. मोज्याचा काठ रुतून तिथं वळ उठला होता. दुसऱ्या पायाचा मोजा खाली सारला, तिथंही तेच.

"आबा, हे कधीपासून?"

"हाय थोड्या दिसांपासून."

"आणि मला सांगितलं नाही? काऊन सांगितलं नाही?" मी ओरडले. माझ्या तोंडून गावची भाषा निघाली की समजावं, मी पेटले.

त्यांनी दुसरा मोजा परत वर ओढला. भुरी टोपलीतून बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवर चढली.

मी तो कागद घेतला आणि जिना उतरले. कुठल्या पायरीवर पाय पडला ते मला आठवत नाही. मांजराला रोगी म्हणणारे हे! ह्यांनीच उन्हाला कुलूप घातलं, त्या कुलपापायी अंथरुणात किडे झाले, ते किडे माझ्या बापाला आणि त्या मुक्या जनावराला दोनतीन महिने खात राहिले, आणि आता हेच फळ्यावर मार्करनं आरोग्य लिहिणार! वहिनींनी दार उघडलं तसा मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

"अहो, पण बुरशीची तपासणी अजून यायचीय असं लिहिलंय ना यात?"

"यायचीय. आली की फळ्यावर चिकटवते. आधी गच्चीची किल्ली द्या."

"किल्लीचं आपलं ठरलंय ना. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"कुणी सगळ्यांनी? माझ्या बापाला विचारलं होतं?" आणि मग मी जे सुटले ते सुटलेच. काचा, पाट्या, मार्कर, नात, सगळं काढलं. शेजारचं दार अर्धवट उघडलं आणि बंद झालं. माझं झाल्यावर वहिनी आत गेल्या आणि सोसायटीचं रजिस्टर घेऊन आल्या. पान काढून माझ्यासमोर धरलं.

गच्ची कायम बंद ठेवण्याचा ठराव. खाली बारा सह्या. पहिली माझी.

मी ती सही विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरले नव्हते. आठवायची नव्हती, एवढंच. त्या बैठकीत पाट्यांचं बोलणं झाल्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "आणि गच्चीवर लोक काय काय वाळत घालतात! परवा तर वर गेले तर मेंढरांच्या कळपात आल्यासारखा वास. कुणाचं होतं ते काळं?" सगळे हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी म्हणाले नाही की माझं. मी म्हणाले नाही की माझ्या आईनं कातलंय. मीही हसले. सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानं हसले, आणि रजिस्टर आधी माझ्याकडं ओढून सही ठोकली. वळणदार, ऑफिसात करते तशी.

मी रजिस्टर त्यांच्या हातात ठेवून वर आले. येताना जिना लई मोठा वाटला.

आबा तसेच बसले होते, एका पायात मोजा, एक उघडा.

"मिळाली किल्ली?"

"आबा," मी म्हणाले, "कुलपाच्या कागदावर पहिली सही माझी हाय."

"ठाऊक हाय मला."

मी खाली फरशीवर बसले.

"तू दिईना म्हणून म्या सोताच गेलतो खाली किल्ली मागाया. त्या बाईनं वही दाखवली. म्हणली, आजोबा, तुमच्याच लेकीची सही हाय पहिली." ते भुरीच्या मानेवरून हात फिरवत होते, थेंबाची ओली जागा चुकवून. "म्हटलं, लेकीला मपल्या घोंगड्याची लाज वाटती, चार लोकांत ऱ्हाती बिचारी. म्हणून गप बसलो. मोजे व्हतेच तुहे दिलेले. पण माय, मला एक सांग. मपलं ठीक हाय, म्या कळता माणूस. ह्या मुक्या जिवाला काऊन भोगाया लावलं?"

मी रडले का? रडले. पण रडून गच्ची उघडत नाही. तोंडावर पाणी मारलं आणि परत खाली गेले.

ह्या वेळी मी ओरडले नाही. रजिस्टर मागून घेतलं, त्यांच्याच टेबलावर ठेवलं आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. बाजूला तारीख घालून लिहिलं की माझी संमती मी परत घेते. "पाट्यांना धक्का लावणार नाही," मी म्हणाले. "त्यांच्या पलीकडं टाकीन. आणि एक सांगते वहिनी. ते काळं, ज्याला मेंढरांचा वास येत होता ना, ते आमचं. माझ्या वडिलांचं. तेव्हा सांगायला हवं होतं, आता सांगते. किल्ली दिली नाहीत तर उद्या ते गेटसमोर रस्त्यावर टाकीन आणि राखायला आम्ही दोघं बसू."

वहिनी आत गेल्या आणि किल्ली आणली. का दिली, माहीत नाही. कदाचित मी खरंच रस्त्यावर बसेन हे त्यांना दिसलं असेल. मी म्हटलं, मार्करही द्या. तोही दिला.

जिन्यातला फळा मी पदरानं पुसला आणि लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावरचे घोंगडे उद्यापासून गच्चीवर उन्हात असेल. वास मेंढरांचाच आहे." खाली माझं नाव, आणि सही. तीच वळणदार.

नंतर केसांची तपासणी आली, बुरशी नव्हती. तो कागद मी फळ्याला चिकटवला. भुरीच्या पाठीवर आधी करडी लव आली, मग हळूहळू केस. आबा रोज अंगठा फिरवून बघतात आणि मला सांगतात कुठवर आली लोकर. पण ते सगळं पुढचं. मला तो बुधवार आठवतो, फळ्यावर लिहिल्यानंतरचा. मी शाळेत आणखी अर्धी रजा टाकली. आबा माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी चढले. मी घोंगडं झटकलं आणि पाट्यांच्या पलीकडं अंथरलं. नोव्हेंबरचं असलं तरी ऊन आमच्याकडचंच, चटका देणारं. आबा कठड्याला टेकून खाली बसले. इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं, मीच होते. मग त्यांनी दोन्ही मोजे काढले, घडी करून बाजूला ठेवले आणि पाय उन्हात सोडले.